जुना ठेवा, नवा काढा

"अर्ध्या तासाचं काम आहे सर! कन्व्हर्टर तेवढा निवडायचाय!" विश्वजितनं पुण्याच्या सरांना छातीठोकपणे सांगितलं, त्याला आता तीन दिवस झाले होते. अर्धा तास काही संपायचं नाव घेत नव्हता.

पलूसजवळच्या गावी, ओसरीवर बसून तो कंपनीचं काम करायचा. ही सवलत सरांनी कुरकुरतच दिली होती. "गुरुवारी सांगलीच्या हळद व्यापाऱ्यांसमोर प्रोग्रॅम नीट चालला पाहिजे. नाहीतर सोमवारपासून पुण्यात, माझ्यासमोर बसायचं!" पुण्यातली ती कॉट आणि मेसची ती पाणीदार आमटी आठवली की तो पुन्हा लॅपटॉपला भिडायचा.

दर गुरुवारी अकराला, नेमकी त्याच वेळी, गावाची लाईट जायची. म्हणून तर फौजेतून निवृत्त झालेल्या त्याच्या वडिलांनी, बाळासोंनी, म्हणजे त्याच्या आबांनी, नवाकोरा इन्व्हर्टर आणून मधल्या खोलीत बसवला होता. जुना शेजारीच पडून होता. त्याच्यावर धड पंखाही फिरत नसे. बाळासो दोघांनाही कन्व्हर्टरच म्हणायचे. विश्वजितनं त्यांना सुधारायचा नाद कधीच सोडला होता.

आता खरी भानगड. बाजारातल्या काट्यावरच्या संगणकाला हळदीची माहिती एक्सएमएलमध्ये लागायची, म्हणजे प्रत्येक गोष्टीला ठरलेल्या नावाची चिठ्ठी लावून. जाव्हाच्या फ्रेमवर्कमध्ये चिठ्ठ्या लावायचं हे काम कन्व्हर्टर करतो. जुना जॅक्सबी बिचारा इमानानं लावत होता. पण भलत्याच एका लायब्ररीचं, म्हणजे तयार कोडच्या गाठोड्याचं, शेपूट धरून जॅक्सन नावाचा नवा आत शिरला आणि थेट पहिल्या पाटावर जाऊन बसला! तो आपल्या मनाच्या चिठ्ठ्या लावी. काट्याला त्या कळेनात. हळदीला ना नाव, ना गाव, ना वजन!

"परत सगळं कोरंच दिसतंय रे," बाजारात बसून तपासणारी उत्कर्षा फोनवर कंटाळून म्हणाली.

"दोन दोन कन्व्हर्टर झालेत ना! एकमेकांच्या पायात येतायत!"

"मग नव्यालाच शिकव की जुन्या चिठ्ठ्या."

"तीन दिवस तेच करतोय, बाई!" विश्वजितचं डोकं उठलं आणि तो ओरडलाच, "जुनाच ठेवायचा! नवा काढून टाकायचा! विषय संपला!"

बाळासो आत चहा पीत ऐकत होते. पोराचे हाल त्यांना बघवत नव्हते.

विश्वजितनं जॅक्सन काढून टाकला आणि बुधवारी संध्याकाळी सगळं सुरळीत झालं. गुरुवारी सांगलीत व्यापारी जमले. प्रोग्रॅम घरून, विश्वजितच्याच लॅपटॉपवरून चालला होता; सर व्हिडिओ कॉलवर होते. पहिला ढीग पडद्यावर झळकला. नाव, गाव, वजन, सगळं जागच्या जागी! "वा!" सरसुद्धा म्हणाले.

आणि लाईट गेली.

विश्वजित निवांत होता. पण पंखा थांबला, वायफाय विझलं, आणि बॅटरी कधीच मेलेला लॅपटॉप डोळे मिटून गप्प झाला.

"आबा! नवा इन्व्हर्टर कुठाय?"

"त्यो व्हय? काढला की! सकाळीच पप्पूच्या टेम्पोत घालून सांगलीला धाडला. दुकानदार माघारी घेतो म्हणालाय."

"आवं, पण का?"

"का म्हंजी? तूच वरडत हुतास न्हवं, जुना ठिवायचा, नवा काढायचा! म्हटलं, पोराचा जीव लय दमलाय, तेवढं तरी आपण करावं. जुना जोडलाय बघ मी."

विश्वजितला संताप आला, पण आबांच्या तोंडाकडं बघून तो तसाच गिळावा लागला. रेंजसाठी तो गच्चीवर पळाला.

"काय झालं?" सर कडाडले.

"सर... चुकीचा कन्व्हर्टर काढला."

"तरी उत्कर्षा म्हणत होती, नव्यालाच शिकव म्हणून! सोमवारी बॅग घेऊन ये."

खरं काय घडलं ते सांगण्यात अर्थ नव्हता. कोणी विश्वास ठेवला नसता.

सोमवारी पुण्याची एसटी निम्म्या वाटेवर आली तोच आबांचा फोन आला.

"विश्या, नवा कन्व्हर्टर माघारी आणून बसीवला बघ! लय झ्याक चालतोय. आता कवा येतोस घरी कामाला?"

"आबा," दमलेल्या विश्वजितनं कितीतरी वर्षांनी त्यांना सुधारलं, "त्येला इन्व्हर्टर म्हणत्यात."

"असंल बाबा," आबा म्हणाले. "पण तू तर समदा आठवडा कन्व्हर्टरच म्हणत हुतास! म्हटलं, चला, पोरगं सुधारलं."