डावी पानं पलीकडे

राज्याचे दोन भाग झाले तेव्हा घड्याळजींच्या लग्नाचेही झाले, आणि ते त्यांना कळलं मंगळवारी सकाळी, सरकारी खिडकीपाशी उभं असताना.

गुडघ्यांना तीन जिने झेपेनात म्हणून घड्याळजी आणि आजी वृद्धनिवासात राहायला जाणार होते. जोडप्याची एकच खोली रिकामी होती. व्यवस्थापकाने बजावलं होतं, "शुक्रवारी पाचपर्यंत लग्नाचा दाखला आणा. नाहीतर आजोबा पुरुषांच्या इमारतीत, आजी बायकांच्या." आता घड्याळजींच्या डोळ्यांत रोज औषध घालायचं असे, आणि आजींखेरीज कोणी बाटली जवळ आणली की ते डोळे गच्च मिटून घेत. इमारती वेगळ्या झाल्या की संपलंच.

खिडकीतल्या रेकॉर्डवाल्या बाईंनी जाडजूड रजिस्टर उघडलं. त्यात सगळी उजवी पानं होती. डावं एकही नव्हतं.

"आजी सापडल्या," बाई म्हणाल्या. "आजोबा नव्या राज्यात गेलेत."

"हे काय, माझ्या शेजारी उभे आहेत."

"रेकॉर्डवर नाहीत."

त्याचं असं झालं होतं. डाव्या पानावर नवरा, उजव्यावर बायको अशी नोंद असे. दप्तर निम्मं-निम्मं करा, असा वरून हुकूम आला. बाईंनी शिवण उसवली, डावी पानं पलीकडे धाडली, उजवी ठेवून घेतली. एका दुपारीत नऊ हजार संसार मोडले, आणि कुठे भांड्याला भांडं लागल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

नवं राज्य काही लांब नव्हतं. रस्त्याच्या मधोमध पिवळी रेघ मारली होती, तिच्या पलीकडे. तिथे शिक्केवाले बसत. वीस वर्षं ते बाईंच्याच टेबलाला समोरासमोर बसले होते. वाटणीत ते पलीकडे गेले. त्यांच्याकडे आजोबा सापडले, आजी नाहीत.

"ते पान द्या, दाखवून परत आणतो," घड्याळजी म्हणाले.

"राज्याबाहेर कागद न्यायला केंद्राची परवानगी लागते. सहा महिने."

"सहा महिन्यांत मीच वरच्या केंद्रात पोचेन."

बुधवारी दोघांनी अकरा वेळा रस्ता ओलांडला. गुरुवारी घड्याळजी फुटपाथवर टेकले. "अगं, आपण परत लग्नच करू."

"विचारून बघा. हो म्हणेनच असं नाही. मागच्या खेपेला तुमचं घोरणं मला माहीत नव्हतं."

पण तेही जमेना. "नव्या लग्नाला दोघं अविवाहित लागतात," बाई म्हणाल्या. "तुम्ही दोघंही अर्धे विवाहित आहात."

शुक्रवारी चार वाजता आजींचं डोकं चाललं. "कागद बाहेर न्यायचा नाही ना? मग टेबल न्या."

टेबल बरोबर रेघेवर मांडलं. बाई इकडे, शिक्केवाले तिकडे, आणि दोन पानं कडेला कड लावून. रहदारी थांबली. रांग इतकी लांबली की शेवटच्या गाडीवाल्याने म्हणे तिथेच दाढी उरकली. पुढच्या ट्रकवाल्याने डोकं बाहेर काढलं.

"कोणाचं लग्न आहे?"

"आमचंच. शेहेचाळीस वर्षं खोळंबलंय, तू पाच मिनिटं थांब."

शिक्केवाल्यांनी शिक्का टेकवला. "पॅड कोरडं पडलंय तुमचं."

"तुम्ही गेल्यापासून भिजवलं कोणी?" बाई म्हणाल्या, आणि उगाच पानं सरळ करत बसल्या. ती सरळच होती.

दाखला हातात पडला. घड्याळजींनी विचारलं, "बाकीच्या जोडप्यांचं काय?"

"दर शुक्रवारी एक," बाई म्हणाल्या. शिक्केवाले लगेच म्हणाले, "घाई करून चालायचं नाही."

म्हणजे पावणेदोनशे वर्षं. घड्याळजी तापले. तक्रारच करायची म्हणून त्यांनी टेबलावरचा हुकूम उचलला आणि थबकले.

"अगं, यात तर लिहिलंय, पहिली बारा रजिस्टरं इकडे, पुढची बारा तिकडे. पानं उसवा असं कुठेच..."

बाईंनी खाली पाहिलं. शिक्केवाल्यांचे कान लाल झाले.

आजींनी कागद काढून घेतला आणि जागेवर ठेवला. "चष्म्याशिवाय वाचता कशाला?"

"लावलाय की."

आजींनी तो त्यांच्या नाकावरून अलगद उतरवला आणि रुमालाने पुसायला घेतला. "आता?"

घड्याळजींनी डोळे बारीक करून टेबलाकडे पाहिलं. समोरासमोर बसलेली दोन धूसर माणसं, बोलत नव्हती, उठतही नव्हती.

"आता काहीच दिसत नाही," ते म्हणाले.

"चला मग," आजींनी त्यांचा हात धरला. "पाच वाजायला आलेत."