तीन चळवळी आणि एक होस्टिंग

मी फक्त "करू की" एवढंच म्हणालो होतो. पुढचं सगळं आपोआप झालं.

नाशिकच्या इंदिरानगरला आमच्या कॉलनीच्या मागे महापालिकेचा एक मोकळा प्लॉट आहे. त्याचं काय करायचं यावर रहिवाशांचं म्हणणं मागवलं होतं आणि तीन आठवड्यांनी सुनावणी होती. आमच्या सौभाग्यवतींचं, म्हणजे हर्षालीचं, म्हणणं अगदी ठाम होतं : तिथं मुलांसाठी मैदानच हवं. तिनं चौदा बायकांची 'मैदान हवेच समिती' काढली आणि अध्यक्षही तीच झाली. (घरी ती बिनविरोध अध्यक्ष आहेच, त्यामुळे तिला सवय होती.)

एका रविवारी पोहे खाताना ती म्हणाली, "हल्ली वेबसाइट नसेल तर चळवळ कुणी मनावर घेत नाही. कुणाला येत असेल हो करायला?"

आता ऑफिसात प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता बाहेर काढणारा माणूस म्हणून माझं थोडंफार नाव आहे. तेवढ्या बळावर मी म्हणालो, "करू की!"

हर्षालीनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तसं तिनं लग्नात अंतरपाट दूर झाल्यावरसुद्धा पाहिलं नव्हतं. माघार घेणं शक्यच नव्हतं.

चार दिवस व्हिडिओ पाहून मला दोन गोष्टी समजल्या. डोमेन म्हणजे दारावरची पाटी आणि होस्टिंग म्हणजे घर. पाटीवरचं नाव वाचून लोक येतात आणि घरात जे असेल ते त्यांना दिसतं. मी जे पॅकेज घेतलं त्यात एकाच होस्टिंगवर हव्या तेवढ्या साइट ठेवायची सोय होती. हे मी उत्साहाच्या भरात हर्षालीला सांगितलं. तिनं ते तिच्या मामांना सांगितलं.

सावळीराम मामा वणीला असतात. द्राक्षबाग मुलांच्या हाती सोपवल्यापासून ते पूर्णवेळ सार्वजनिक कार्यात आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"जावईबापू, आमची बी एक टाका तेवढ्यात. वणीहून नाशिकला सांजच्याला सात वाजता जादा बस पायजे. लय दिवसांची मागणी हाय."

"मामा, अहो पण—"

"फोटो पाठवलाय. फेट्यातला हाय. मोठा टाका."

दोन साइट झाल्या. तिसरी आमच्या साहेबांची. मी सरकारी कचेरीत कारकून आहे. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर होस्टिंगचा व्हिडिओ बघत असताना मागे शिरसाठ साहेब केव्हा येऊन उभे राहिले ते मला कळलंच नाही.

"बोरस्ते, आत या. दार लावा."

आमच्याकडे दार लावा म्हटलं की एकतर मेमो, नाहीतर बदली. सरकारी नोकरानं चळवळीत पडायचं नसतं, हे मला तोंडपाठ होतं. मी दार लावलं.

साहेब खाली वाकून हळू आवाजात म्हणाले, "वेबसाइट येते तुम्हाला? मला एक हवी आहे. माझं नाव कुठंही येता कामा नये. आमच्या कॉलनीमागे एक प्लॉट आहे, तिथं पार्किंग व्हायला पाहिजे. माझी नवी गाडी नारळाच्या झाडाखाली उभी असते हो! रोज गोधडी घालतो मी तिच्यावर."

साहेब आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. प्लॉट तोच. 'साहेब, विरुद्ध पक्षाची अध्यक्ष माझी बायको आहे,' हे वाक्य माझ्या जिभेवर अगदी तयार होतं. बाहेर पडलं ते असं : "करू की, साहेब."

पहिली साइट मैदानाची लिहिली. सवयीनं मी शेवटी लिहिलं, 'सबब, सदर भूखंडावर मैदान करणेत यावे, ही नम्र विनंती.' हर्षालीनं वाचून चष्मा काढला. "अहो, ही चळवळ आहे. किरकोळ रजेचा अर्ज नाही." मग तिनंच सगळं झकास लिहून दिलं.

साहेबांच्या साइटसाठी पुन्हा कोण एवढं लिहीत बसणार? मी हर्षालीचंच पान कॉपी केलं आणि कॉम्प्युटरला सांगितलं, जिथं जिथं 'मैदान' असेल तिथं 'पार्किंग' कर. त्यानं इमानदारीत केलं. मी वाचून पाहिलं नाही. (वाचून सही करायची आमच्या ऑफिसात पद्धत नाही.) खाली हर्षालीच्या नंबराऐवजी साहेबांचा दुसरा मोबाईल नंबर तेवढा टाकला.

सुनावणी सोमवारी. शनिवारी संध्याकाळी मी तिन्ही साइट सुरू केल्या आणि ज्याची त्याची लिंक ज्याला त्याला पाठवली. त्या क्षणी मला स्वतःबद्दल जो आदर वाटला, तो फार तर बारा तास टिकला.

रविवारी सकाळी आठ वाजता हर्षालीचा फोन वाजला. कुणी गृहस्थ विचारत होते, "पार्किंगच्या लिंकवर तुम्ही मैदान का मागताय, बाई?" पाच मिनिटांनी दुसरे. मग तिसरे, त्यांच्या घरी तीन गाड्या होत्या आणि आवाजही तीन माणसांचा होता. तेवढ्यात समितीतल्या शहनाजभाभी समोरच्या बिल्डिंगमधून तडक आल्या.

"हर्षाली, हे काय गं लिहिलंस? 'मुलांच्या सर्वांगीण विकासासाठी पार्किंग अत्यंत आवश्यक आहे. रोज तासभर पार्किंगवर धावल्यानं स्नायू बळकट होतात.'"

एका क्षणात मला सगळं समजलं. मी पाट्यांची अदलाबदल केली होती! मैदानाच्या पाटीमागे पार्किंगचं घर आणि पार्किंगच्या पाटीमागे मैदानाचं.

हर्षालीनं पान खालपर्यंत सरकवलं. "कुणीतरी मुद्दाम केलंय हे. विरोधकांचं काम आहे. खाली नंबर आहे ना, थांबा, आत्ता विचारते." आणि मी काही बोलायच्या आत तिनं नंबर लावला आणि स्पीकरवर टाकला.

"हॅलो! कोण बोलतंय?"

"तुम्ही फोन केलाय, तुम्ही सांगा," पलीकडून ओरडून उत्तर आलं. "सकाळपासून सतरा बायकांनी मला झापलंय! तुम्ही अठराव्या."

आवाज शिरसाठ साहेबांचा होता. या आवाजापुढे मी एकोणीस वर्षं उभा राहत आलोय. मी सवयीनं उभाच राहिलो.

"लाज नाही वाटत, मुलांच्या तोंडचं मैदान काढून घ्यायला?" हर्षाली कडाडली.

"मुलांचं काय घेऊन बसलात! ते नारळ तुमच्या डोक्यात पडले म्हणजे कळेल!"

"धमकी देता? शहनाजभाभी, ऐकलं ना? साक्षीदार आहात तुम्ही!"

"अहो धमकी कसली, झाड आहे ते!"

तेवढ्यात पलीकडून एका बाईंचा आवाज आला. "द्या इकडे तो फोन. हॅलो, कोण? अगं हर्षाली, तू? मी शिरसाठवहिनी, आपल्या योगवर्गातली! कालच मी तुझ्या मैदानाच्या लिंकवर न वाचता सही केली बघ." मग साहेबांचा क्षीण आवाज आला, "म्हणजे तूसुद्धा?"

इकडे हर्षालीनं फोन खाली ठेवला आणि सावकाश माझ्याकडे वळली. "शिरसाठ. तुमचे साहेब. त्यांना वेबसाइट कुणी करून दिली?"

"आत्ता दुरुस्त करतो," एवढं म्हणून मी कॉम्प्युटरवर झेप घेतली. पाट्या उलट्या लावायच्या होत्या, बस्स. पण शहनाजभाभी उजवीकडे, हर्षाली डावीकडे आणि दोघींचे श्वास माझ्या मानेवर. मी काय दाबलं देव जाणे! दोन्ही लिंक उघडून बघतो तर मैदान नाही आणि पार्किंगही नाही. दोन्हीकडे भलामोठा फेटा बांधलेले सावळीराम मामा हसत होते. खाली लिहिलं होतं, 'संध्याकाळी सातची जादा बस झालीच पाहिजे!'

आता पाट्या तीन आणि त्या तिन्ही मामांच्या घरावर. मी जेवढं काढायला जाई, तेवढे मामा घट्ट बसत. शेवटी मी कॉम्प्युटरवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

अर्ध्या तासात बेल वाजली. दारात शिरसाठ साहेब आणि वहिनी. साहेबांच्या अंगात घरातला सदरा होता, पण चेहरा ऑफिसातला होता. मी सगळं कबूल केलं. दोघांना दोन वेबसाइट, दोघांना न सांगता, एका होस्टिंगवर. नोकरी गेली, असं मनात धरून मी जमिनीकडे बघत उभा राहिलो. संसाराचंही फारसं खरं दिसत नव्हतं.

साहेब खुर्चीत बसले. "बोरस्ते, माझं नाव कुणाला सांगितलंत?"

"कुणालाही नाही, साहेब."

"मग बसा." त्यांनी कपाळ पुसलं. "चळवळीत मी पडलो हे वर कळलं तर तुमच्याआधी माझा नंबर. समजलं?"

समजलं! गेले कित्येक दिवस मी ज्यांना घाबरत होतो ते स्वतःच घाबरले होते. माझ्या छातीवरचं ओझं असं उतरलं, की मी बसायच्या ऐवजी स्टुलावर अक्षरशः कोसळलो.

हर्षालीनं चहा टाकला. शिरसाठवहिनींनी साहेबांना सगळ्यांदेखत विचारलं, "एका गाडीसाठी अख्खा प्लॉट कशाला हवा तुम्हाला?" साहेब म्हणाले, "मला फक्त नारळापासून लांब जागा पाहिजे." मग हर्षालीनं कॅलेंडरचं जुनं पान फाडून मागच्या कोऱ्या बाजूला प्लॉट काढला. भिंतीकडेच्या पट्टीत गाड्या, उरलेल्या सगळ्या जागेत मैदान आणि मध्ये जाळी. शहनाजभाभींनी त्याच कागदावर खाली पहिली सही केली. मग त्या आणि हर्षाली तो घेऊन दोन्ही बाजूंच्या घराघरांतून फिरल्या. पेननं, हातानं, कुठलंही बटण न दाबता!

सोमवारी सुनावणीला दोन्ही बाजूंचा मिळून एकच अर्ज गेला. तिथल्या अधिकारी बाईंनी तो दोनदा उलटून पाहिला आणि विचारलं, "भांडण कुठंय?" भांडण नाही म्हटल्यावर त्या इतक्या खूश झाल्या, की त्यांनी सगळ्यांना पाणी विचारलं. महिन्याभरात तसाच आराखडा मंजूर झाला. साहेबांनी गाडीवरची गोधडी काढून धुवायला टाकली.

मामांचीही गंमत झाली. रविवारी दिवसभरात इंदिरानगरच्या चौऱ्याण्णव लोकांनी न वाचता वणीच्या बसला पाठिंबा दिला होता. मामा ती यादी घेऊन डेपोत गेले. तिथं विचारलं, इंदिरानगरचा काय संबंध? मामा म्हणाले, "देवीला येत्यात ना! माघारी कशानं जायचं त्यांनी?" आता शनिवार-रविवार सातची बस सुटते. मामा मला फोनवर 'इंजिनीअरसाहेब' म्हणतात आणि मी ते दुरुस्त करत नाही.

म्हणजे एकुणात काय, नोकरी वाचली, संसार वाचला, तिन्ही चळवळी जिंकल्या. परवा होस्टिंग कंपनीचा महिन्याचा अहवाल आला, तेव्हा तर माझी छाती अशी फुगली, की मी स्वयंपाकघरात धावलो.

"हर्षाली, बघ! दोन हजार तीनशे चाळीस वेळा लोकांनी आपल्या साइट उघडल्या. दोन हजार तीनशे चाळीस! आणि तू म्हणत होतीस काही उपयोग झाला नाही."

तिनं ओला हात पुसला, चष्मा लावला आणि पुढची ओळ मोठ्यानं वाचली. "त्यापैकी दोन हजार एकशे शहाण्णव वेळा एकाच मोबाईलवरून. नाशिक." तिनं चष्म्यावरून माझ्या हातातल्या मोबाईलकडे पाहिलं.

"सुरू आहे की बंद पडली, तेवढंच बघत होतो मी अधूनमधून," मी म्हणालो.

"छान," ती म्हणाली आणि गव्हाचा डबा माझ्या हातात दिला. "जनता मोकळी असेल तर दळण टाकून या."