व्यक्ती क चे नव्वद दिवस

मुलीचं संशोधन कॉलेजच्या वार्षिक प्रदर्शनासाठी निवडलं गेलं, ही बातमी रेकॉर्डकीपरांनी ऑफिसात इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितली, की शेवटी मोठे साहेब स्वतःच म्हणाले, "चला, एकदाचं बघूनच येऊ." संशोधन कशावर आहे, हे मात्र रेकॉर्डकीपरांना ठाऊक नव्हतं. घरी विचारलं तेव्हा बबी म्हणाली होती, "मानवी वर्तनावर, बाबा." तेवढ्यानेच त्यांची छाती फुगली आणि पुढचं विचारायचं राहून गेलं. मध्यंतरी तिने त्यांच्याकडून कसल्याशा संमतिपत्रावर सहीही घेतली होती. ऑफिसात एकेक कागद तीनतीनदा वाचणारा हा माणूस, पण घरी चष्मा कुठे आहे ते विचारता विचारताच दमला आणि चष्म्याशिवाय सही ठोकून मोकळा झाला.

ऑफिसात त्यांना सगळे 'दुर्बीण' म्हणत. तीस वर्षांपूर्वीची फाइल मागा, दुर्बीण तळघरात उतरणार आणि तुमचा चहा निवायच्या आत धूळ झटकत वर येणार. साहेबांनी या कामाबद्दल तोंडावर कधी चांगला शब्द काढला नव्हता, एवढीच काय ती बावीस वर्षांची खंत.

कॉलेजचा हॉल गजबजला होता. पायापायात एक्स्टेंशनच्या वायरी येत होत्या. एका टेबलावर केर काढणारं यंत्र केर काढता काढता स्वतःच खाली पडत होतं आणि त्याचे दोघे निर्माते ते आळीपाळीने उचलून ठेवत होते. पलीकडे एका कवीने आपल्या कविता चिमटे लावून दोरीवर टांगल्या होत्या. लोक त्यांच्याखालून वाकून पुढे जात होते. बबीचं टेबल अगदी टोकाला होतं. वडिलांना बघून ती हसली, पण त्यांच्यामागे साहेब दिसले आणि तिचा चेहरा पडला.

"बाबा, तुम्ही साहेबांना आणलंत?" ती कुजबुजली.

"मग! बघू दे की त्यांनाही."

लिहिलेलं काहीही मोठ्याने वाचायची साहेबांना सवय होती. ते पोस्टरसमोर उभे राहिले आणि सुरू झाले, "'एका प्रौढ पुरुषाचे घरगुती शोधकार्य: नव्वद दिवसांचे निरीक्षण.' अरे वा! 'व्यक्ती क कपाट उघडते. आत बघते. इथे नाहीये, असे म्हणते. वस्तू नाकासमोर, सरासरी नऊ इंचांवर असते. त्यानंतर व्यक्ती क अगं अशी हाक मारते. कपाट उघडल्यापासून हाकेपर्यंतचा सरासरी काळ, सहा सेकंद.'"

रेकॉर्डकीपर पुढे वाकले. खाली वस्तूंची यादी होती. नेलकटर, टॉर्च, राखाडी मोजे, मागच्या दाराची चावी. एकूण एक वस्तू त्यांच्या घरची होती.

साहेबांना हसू आवरेना. ते टेबलाला टेकले. "कोण हो हा महाभाग?"

"आमचे शेजारी," रेकॉर्डकीपर बोलून गेले.

"असं? काय करतात?"

"काही नाही. म्हणजे... शोधत असतात."

"असला माणूस आपल्याकडे चार दिवस टिकला नसता!"

"नसताच टिकला, साहेब," रेकॉर्डकीपर म्हणाले आणि रुमालाने मान पुसू लागले. बबी टेबलावरचे कागद उगाचच सारखे करत राहिली.

इतक्यात परीक्षक बाई आल्या. केस पांढरे, हातात लाल पेन, चेहऱ्यावर कसलाच पत्ता लागू न देणारी शांतता. प्रदर्शनाचं बक्षीस तर होतंच, शिवाय सगळ्यांतून एकालाच निवडून त्या सुट्टीचे दोन महिने आपल्या संशोधन संस्थेत घेणार होत्या. त्या एका जागेसाठी बबीने वर्षभर जिवाचं रान केलं होतं. बाईंनी तक्ता वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला.

"एकूण शोधाशोध तीनशे सोळा वेळा. दुसऱ्याने काढून दिलं तीनशे बारा वेळा. स्वतःला सापडलं चार वेळा," त्या म्हणाल्या. "हे आकडे खरे वाटत नाहीत."

बबीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"ही व्यक्ती क भेटेल का मला?"

"नाव गुप्त ठेवायचं असतं, मॅडम."

"तेही बरोबरच. पण बनवलेले आकडे मला पुढे पाठवता येणार नाहीत. बाद करावं लागेल."

बबीने नुसती मान वर करून वडिलांकडे बघितलं असतं तरी काम झालं असतं. ते हाताच्या अंतरावर उभे होते. पण तिने मान वर केली नाही. ती टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. साहेबांसमोर बापाची शोभा होऊ नये म्हणून पोरगी वर्षाची मेहनत पाण्यात सोडायला निघाली होती. रेकॉर्डकीपरांना भरून आलं आणि स्वतःची भयंकर लाजही वाटली.

"मॅडम," ते म्हणाले, "ती व्यक्ती मीच."

"छे छे! काहीतरीच काय!" साहेब एकदम पुढे झाले. "मॅडम, मी यांचा साहेब. बावीस वर्षं बघतोय यांना. यांच्यासारखा शोधणारा माणूस आमच्या अख्ख्या खात्यात नाही. हिरा आहे हिरा! लेकीसाठी खोटं बोलतायत बिचारे."

बावीस वर्षं ज्या शब्दांसाठी कान आतुरले होते, ते शब्द आले आणि नेमके नको तेव्हा आले. रेकॉर्डकीपरांना धड आनंदही होईना.

"बघू या," बाई म्हणाल्या. "या पसाऱ्यात माझी फूटपट्टी आहे. आत्ताच ठेवली मी. काढा शोधून."

काही झालं तरी सापडू द्यायची नाही, असं रेकॉर्डकीपरांनी मनाशी पक्कं ठरवलं. पण साहेब बघत होते, आणि साहेब बघत असले की त्यांचे हात कुणाचं ऐकत नसत. दोन वह्या उचलल्या गेल्या, एक पुठ्ठा सरकला आणि फूटपट्टी हातात आली.

"तरी मी सांगत होतो!" साहेब टाळी वाजवत म्हणाले.

बाईंनी वहीत काहीतरी टिपलं. बबीने डोळे मिटून घेतले. रेकॉर्डकीपरांनी घाईघाईने फोन काढला. "थांबा, मॅडम. माझ्या बायकोलाच विचारा. ती सांगेल." त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. "अगं, बबीच्या कॉलेजातून बोलतोय. इथे साहेबही आहेत. घरातल्या वस्तू मला सापडतात का, ते खरं खरं सांग."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"अगंबाई, साहेब आहेत? नमस्कार हो, साहेब. न सापडायला काय झालं? यांच्याइतका टापटिपीचा माणूस शोधून सापडायचा नाही. अंधारात हात घालतील तरी बरोबर तीच वस्तू काढतील. मला तर बाई काही बघावंच लागत नाही."

"अगं, खरं सांग गं!"

"खरंच सांगतेय. बघा ना साहेब, स्वतःचं कौतुक म्हणून ऐकवत नाही यांना."

साहेबांनी कौतुकाने मान डोलावली. एवढ्या वर्षांत बायको रेकॉर्डकीपरांच्या बाजूने अशी कधी बोलली नव्हती आणि आज बोलून तिने सगळं बुडवलं होतं. बाईंनी वही त्यांच्यापुढे सरकवली. "तुम्ही जे सांगितलंत ते मी लिहिलंय. इथे सही करा."

रेकॉर्डकीपरांनी खिसे चाचपले. मग नेहमीच्याच सुरात त्यांच्या तोंडून निघालं, "अगं, माझं पेन कुठेय?"

"शर्टाच्या खिशात," फोनमधून ताबडतोब उत्तर आलं.

त्यांनी खिशात डोकावून बघितलं. "इथे नाहीये."

"चष्म्याच्या डबीमागे बघा. मागे म्हणजे मागे हो, शेजारी नाही."

"नाहीये गं!"

"निळं टोपण दिसतंय का? नसेलच दिसत. जाऊ द्या, बबी आहे ना तिथे? तिला म्हणावं, काढून दे."

बबीने हात पुढे केला आणि वडिलांच्या खिशातून पेन काढून त्यांच्या हातात दिलं.

"शेजारी म्हणे," साहेब हळूच पुटपुटले.

परीक्षक बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. "तीनशे बाराबद्दल मला पहिल्यापासूनच शंका नव्हती," त्या म्हणाल्या. "माझ्या लग्नाला चौतीस वर्षं झाली. मला खटकत होते ते हे चार."

"म्हणजे मी उगाचच कबूल केलं..."

"मला पुरतं बोलू कुठे दिलंत तुम्ही?"

"पण मग ती फूटपट्टी?" साहेबांनी विचारलं.

"घराबाहेर सगळ्यांना सगळं सापडतं. आमच्या ह्यांनासुद्धा." बाई बबीकडे वळल्या. "हे चार कुठून आणलेस?"

बबी चुळबुळली. "मनाचेच लिहिले, मॅडम. नुसतं शून्य फार वाईट दिसत होतं. बाबा कधीतरी वाचतील, असं वाटलं."

बाई लाल पेन तिच्यापुढे धरून म्हणाल्या, "खोड ते. तीनशे सोळाच्या तीनशे सोळा वेळा दुसऱ्याने काढून दिलं, असं लिही आणि खाली सही कर. बक्षीस आता मिळणार नाही. सुट्टीत मात्र ये माझ्याकडे. वडिलांची लाज घरी राखावी, तक्त्यात राखू नये, एवढं लक्षात ठेव म्हणजे झालं."

बक्षीस केर काढणाऱ्या यंत्राला मिळालं. त्याला एव्हाना जमिनीवर ठेवण्यात आलं होतं. जाताना साहेबांनी पोस्टरचा फोटो काढून घेतला. "घरी दाखवतो," ते म्हणाले. "तिला वाटतं, जगात मी एकटाच असा."

साहेबांची गाडी गेल्यावर बापलेक पोस्टर गुंडाळून फाटकाकडे चालू लागले. फाटकाशी रेकॉर्डकीपर थांबले.

"चारच वेळा का गं लिहिलंस? दहा तरी लिहायचंस."

"दहा कुणाला खरं वाटलं असतं, बाबा?"