बदल्यात काय?

आमच्या शेजारच्या भास्करअण्णांना पेढा दिला, की तोंडात टाकण्याआधी ते विचारतात, "बदल्यात काय?" माझ्या मुलीच्या बारशाचा पेढासुद्धा त्यांनी उलटा करून पाहिला होता.

अण्णा सातपूरच्या एका कारखान्यात युनियनचे सेक्रेटरी होते. मालकाने मिठाई वाटली, की ओव्हरटाइमला कात्री लागणार, हे ते ओळखायचे. बऱ्याचदा लागायचीही. आता अण्णा रिटायर झालेत, संशय मात्र अजून कामावर आहे. माझं अंबडला लहानसं वर्कशॉप आहे. त्यामुळे आमच्या सिडकोत त्यांना भांडायला मालक म्हणून मी एकटाच.

किमान वेतन वाढणार अशी बातमी आल्यापासून अण्णा रोज पेपर घेऊन हजर. तेही नेमके आमच्या जेवणाच्या वेळेला, आणि स्वतःचा डबा घेऊन. मालकाचं मीठ त्यांना चालत नाही.

"सरकार किमान म्हणतं, तुम्ही कमाल वाचता! वर एक रुपया सोडत नाही."

"अण्णा, मला काम देणारी कंपनी भाव वाढवून देत नाही. वाढीव पगार आणू कुठून? दोन माणसं कमी करावी लागतील."

"बघा, आली धमकी!"

मलाही त्यांचा संशय यायचा. रोज येऊन हा माणूस माझ्या कामगारांची चौकशी का करतो? उद्या वर्कशॉपच्या दारात झेंडा लावायचा विचार तर नाही?

परवा मात्र ते पेपर न घेता आले. वहिनी गेल्यापासून त्यांच्याकडे स्वयंपाकाला कळवणकडच्या इंदूबाई येतात. त्यांनी पैसे वाढवून मागितले होते, नाहीतर काम सोडणार होत्या.

"तुम्ही मालक लोक 'नाही' कसं म्हणता हो?" अण्णांनी हळूच विचारलं.

इतकं सुख मला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं. मी म्हटलं, "मार्केट मंदीत आहे, असं सांगा."

साक्षीदार म्हणून मला सोबत नेऊन त्यांनी खरंच तसं सांगितलं. इंदूबाई कणीक मळत होत्या.

"तुमचं कसलं आलंय मार्केट, अण्णा? समोरच्या बिल्डिंगीतल्या म्याडम जास्त देत्यात. नाय जमत तर उद्यापासून मी तिकडं जाते."

अण्णांचा चेहराच उतरला. भल्याभल्या मालकांना घाम फोडणारा माणूस, एका वाक्यात गार.

"देतो. मागितलंस त्याच्यापेक्षा जास्त देतो."

इंदूबाईंचे हात थांबले. इतकी वर्षं त्या अण्णांच्याच घरात वावरल्या होत्या. त्यांनी संशयाने विचारलं, "बदल्यात काय?"

अण्णा खिडकीकडे बघत म्हणाले, "ताट वाढून लगेच निघून जातेस. माझं जेवण होईपर्यंत बसत जा जरा. एकट्याला घास उतरत नाही."

तो डबा घेऊन अण्णा आमच्याकडे का येत होते, ते मला तेव्हा कळलं. फार वाईट वाटलं.

"नुसती बसून काय करू?" इंदूबाई म्हणाल्या. "माझंबी ताट घेते."

अण्णांनी समोरची खुर्ची पुसून ओढून ठेवली. बदल्यात काय, ते विचारायचं त्यांना सुचलंच नाही.