फक्त पाव फेरा

"तू त्या करवतीशीच लग्न का नाही केलंस?" गुनवोरनं विचारलं. "आठवडाभर तिच्याशी जेवढं बोललास तेवढं माझ्याशी सात वर्षांत बोलला नसशील."

स्टाइनारनं मान वर केली नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यानं रस्ता मंडळाच्या चेनसॉचं पोट उघडलं होतं आणि गुनवोरच्या जुन्या टूथब्रशनं तो तिचा एअर फिल्टर घासत होता. ब्रश जुना आहे, हे त्याचं त्यानंच ठरवलं होतं.

गुनवोर वाल्ड्रेसच्या खोऱ्यात जन्मलेली. स्टाइनार बर्गन शहरातला, लग्न करून तिच्या गावी आलेला, आणि सात वर्षांनंतरही गावाच्या लेखी तो 'बर्गनकर'च होता. गावकऱ्यांनी त्याला कधी दुखावलं नव्हतं. दुखवायला बोलावं लागतं. पण यंदा संधी आली होती. दर मे महिन्यात रस्त्याकडेची सगळी घरं डुगनाडला, म्हणजे गावच्या श्रमदानाला, जमत. रस्त्यावर झुकलेली झाडं तोडायची, फांद्या ओढायच्या, शेवटी एकत्र सॉसेज खायचे आणि सगळ्यांत जास्त काम आपणच केलं असं समजून घरी जायचं. तिथं करवत एकच चाले, ती मंडळाची. खरं तर प्रत्येकाच्या घरी याहून चांगली करवत होती. पण पूर्वी एकदा दोन करवती चालल्या होत्या आणि झाड कुठे पाडायचं याबद्दल दोन मतं झाली होती. झाडानं दोन्ही मतांचा मान राखून मधल्या टपालपेट्यांवर पडणं पसंत केलं होतं.

ती करवत वर्षानुवर्षं म्हाताऱ्या ओडमुंडच्या हातात होती. हिवाळ्यात त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. मंडळाच्या सभेत 'आता कोण?' या प्रश्नावर भली मोठी शांतता पसरली, त्या शांततेत स्टाइनारला खोकला आला, आणि ती त्याची उमेदवारी समजली गेली.

करवत नीट चालली तर ती त्याच्याकडे राहील, आणि ज्याच्या हाती करवत तो गावचा, हे स्टाइनारला पक्कं कळलं होतं. म्हणून त्यानं कार्ब्युरेटरचा अभ्यास केला. ताजं पेट्रोल, त्यात मापानं तेल, फिल्टर स्वच्छ, इंजिन आधी चांगलं गरम. मग तीन स्क्रू. एक हळू गतीचा, एक पूर्ण गतीचा, आणि तिसरा नुसतं चालू असताना साखळी फिरू नये म्हणून. सगळी मेख पूर्ण गतीच्या स्क्रूत होती. तो जास्त आवळला की इंजिनाला पेट्रोल कमी पडतं. करवत किंचाळत सुटते, ऐकायला मोठी मर्दानी वाटते, आणि आतून जळून जाते. जास्त सैल केला की ती पेट्रोलमध्ये बुडते, धूर ओकते आणि मरते. बरोबर जुळलेली करवत हवेत पूर्ण वेगानं फिरवली की तोंडात घास असल्यासारखी थोडी गुरगुरते आणि लाकडाला भिडली की तिचा गळा मोकळा होतो.

संध्याकाळी त्याला तो गळा सापडला. आनंदाच्या भरात त्यानं स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूपर्यंत लाल रेघ ओढली.

"ते माझं नेलपॉलिश आहे," गुनवोर म्हणाली. "सतरा मेच्या राष्ट्रीय दिनाला लावायला आणलेलं."

"थोडंसंच घेतलं."

शनिवारी सकाळी सगळे जमले. स्टाइनारनं करवत गरम केली आणि हवेत पूर्ण वेगानं फिरवली. ती गुरगुरली. ओडमुंडनं मंडळाच्या अध्यक्षा बोर्गहिल्डकडे पाहिलं. बोर्गहिल्डनं शेजारी तोर्लाइफकडे पाहिलं. तोर्लाइफनं डोंगराकडे पाहिलं.

"काही म्हणालात?" स्टाइनारनं विचारलं.

"छे," ओडमुंड म्हणाला. "हवा चांगली पडलीय."

पहिल्या कॉफीपर्यंत दोन झाडं पडली. कॉफी झाल्यावर करवत सुरू केली तर तिनं असा टाहो फोडला की पलीकडच्या कुरणातल्या मेंढ्या उठून उभ्या राहिल्या.

"हां!" तोर्लाइफ म्हणाला. "आता कशी!"

"वाईट नाही," ओडमुंड म्हणाला.

स्टाइनारच्या हातातली करवत पडता पडता राहिली. ओडमुंडनं स्वतःच्या मुलाला, तो डॉक्टर झाला तेव्हा, 'ठीकच' म्हटलं होतं. पण कान सांगत होता की हा आवाज चुकीचा आहे. पिस्टन आत भाजतोय. एकीकडे पिस्टन, दुसरीकडे 'वाईट नाही'. स्टाइनारनं आणखी एक झाड त्या किंचाळीतच पाडलं, आणखी एकदा 'वाईट नाही' मिळवलं आणि मगच त्याला लाज वाटली. पेट्रोल भरायच्या निमित्तानं तो आडोशाला गेला. लाल रेघ तुटली होती. स्क्रू आवळला गेला होता. कंपनानं फिरला असेल, असं मनाशी म्हणत त्यानं तो सैल करून रेघेला रेघ जुळवली. मग घाम पुसत परतला, करवत झाडीजवळच्या खोडावर ठेवली, आणि तेवढ्यात गुनवोर गाडीतून वॅफल घेऊन आली.

वॅफल, त्यावर तपकिरी चीज, त्यावर हवेबद्दल चर्चा. अधूनमधून कोणीतरी उठत होतं, झाडीकडे जाऊन येत होतं. कॉफीनंतर माणसं झाडीकडे जातातच.

राहिला होता तो वळणावरचा मोठा भूर्ज. स्टाइनारनं करवत लावली. ती अर्ध्यावर गेली, खोकली, निळा धूर सोडला आणि गप्प बसली. भूर्ज कुरकुरला, थोडा कलला आणि रस्त्यावर तिरका लटकून राहिला. त्याच्या या बाजूला माणसं. त्या बाजूला सगळ्यांच्या गाड्या, घरं आणि घरातल्या करवती. त्याच्याखालून जाण्याची तयारी कोणाचीच नव्हती. उद्या रविवार, रविवारी या खोऱ्यात करवत चालवणं म्हणजे चर्चमध्ये शिट्टी मारणं.

स्टाइनारनं दोरी ओढली. पुन्हा ओढली. करवतीनं एक उचकी दिली.

"पेट्रोल जुनं असणार," ओडमुंड म्हणाला.

"काल आणलंय."

"मग फारच नवीन असणार."

"बर्गनकडचं तेल घातलंस का?" तोर्लाइफनं विचारलं. "तिकडे सदानकदा पाऊस, पावसातलंही चालतं म्हणतात."

स्टाइनारचे कान तापले. त्यानं झाकण काढलं. लाल रेघ पुन्हा तुटली होती, आणि या वेळी स्क्रू उलट्या बाजूला, पार सैल झाला होता. कंपनानं स्क्रू फिरतो, हे त्यानं सकाळी मानलं होतं. पण तेच कंपन एकदा आवळतं आणि एकदा सोडतं, हे मानायला मात्र वाल्ड्रेसमध्येच जन्मावं लागलं असतं.

त्याचा स्वतःचा स्क्रूड्रायव्हर पँटच्या खिशात होता. त्यानं त्याला हात लावला नाही.

"कोणाकडे बारीक स्क्रूड्रायव्हर आहे का हो?" त्यानं अगदी गरिबासारखं विचारलं.

ओडमुंडचा चांगल्या खांद्याकडचा हात खिशात गेला. बोर्गहिल्डचा गेला. तोर्लाइफचा गेला. कॉफीच्या किटलीवर लक्ष ठेवायला आलेल्या सिग्नी आजींनी विणकामाची पिशवी उघडली. क्षणभरात चार बारीक स्क्रूड्रायव्हर उन्हात चमकू लागले. मग चौघांनी एकमेकांचे हात पाहिले.

रस्ता मंडळाच्या इतिहासात इतकी शांतता सभेतसुद्धा झाली नव्हती.

"मी फक्त पाव फेरा आवळला," शेवटी ओडमुंड बुटांकडे बघत म्हणाला. "फार गुरगुरत होती रे. तुला कसं सांगायचं? तुला वाईट वाटलं असतं."

"आणि ती किंचाळत होती म्हणून मी सोडला," बोर्गहिल्ड म्हणाली. "वॅफलच्या वेळी. पाव फेराच."

"मीही तेव्हाच," तोर्लाइफ म्हणाला. "मला काय माहीत तू सोडलायस ते!"

"मला कमी ऐकू येतं," सिग्नी आजी म्हणाल्या, "पण सगळे जाऊन येत होते, म्हणून मीही जाऊन आले."

किंचाळणारी करवत वॅफलच्या आधीच दुरुस्त झाली होती, हे स्टाइनारनं सांगितलं नाही. त्यालाही कसं सांगायचं ते कळेना. त्यानं ओडमुंडचा स्क्रूड्रायव्हर घेतला, रेघेला रेघ जुळवली, बुडालेलं इंजिन कोरडं केलं आणि दोरी ओढली. करवत सुरू झाली. हवेत फिरवली तशी गुरगुरली. चौघांच्याही बोटांना काहीतरी झालं. पण चौघांनीही हात खिशात घातले आणि तिथंच ठेवले. करवत भूर्जाला भिडली, गळा मोकळा झाला, आणि झाड जिथं पडायला हवं होतं तिथं पडलं.

सॉसेज खाताना बोर्गहिल्डनं घसा साफ केला. "करवत स्टाइनारकडेच राहू दे. कोणाची हरकत?"

कोणालाच खोकला आला नाही.

"आमच्या रस्त्याला माणूस मिळाला म्हणायचा," ओडमुंड म्हणाला आणि आपण फार बोललो असं वाटून मोहरी घ्यायला निघून गेला.

परतताना गाडी गुनवोर चालवत होती. स्टाइनार मांडीवर करवत घेऊन बसला होता. त्याला सबंध खोऱ्याबद्दल माया दाटून आली होती.

"तुमच्या गावाची कमाल आहे," तो म्हणाला. "चौघांनी हात लावला, आणि एकालाही तोंड उघडता येईना. सरळ सांगावं की माणसानं!"

वळण गेलं, कुरण गेलं, नव्या टपालपेट्या गेल्या.

"गुनवोर?"

"पाव फेरा," ती रस्त्यावरून नजर न काढता म्हणाली. "तेवढाच. वॅफल आणले तेव्हा, बोर्गहिल्डच्याही आधी."

स्टाइनारनं मांडीवरची करवत सरळ केली. बर्गनला असता तर भांडला असता.

"कोणत्या बाजूला?" त्यानं विचारलं.