नाखवाबाईंची हरकत

ॲडव्होकेट यमुना नाखवा यांनी माझ्या लग्नात हरकत घेतली होती. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं सुरू झालेली, आणि मागच्या रांगेतून कोर्टात येतो तसा खणखणीत आवाज आला, "थांबा. हरकत हाय." गुरुजी थांबले. सासरच्यांना वाटलं, आता पोरीचं काहीतरी जुनं प्रकरण बाहेर पडणार. माझे सासरे तर मटकन खुर्चीत बसले. बाई सावकाश पुढे आल्या आणि गुरुजींना म्हणाल्या, "नवरीची आई आत आचाऱ्याशी बोलत उभी हाय. ती येईपर्यंत पुढं जायचं नाय. नोंदवून घ्या." कुठे नोंदवायचं, ते गुरुजींनी विचारलं नाही. आई पदराला हात पुसत धावत आली, मग लग्न लागलं.

तेव्हा मी त्यांची ज्युनियर होते. माझे वडील मूळचे साताऱ्याकडचे, वाशीच्या मार्केटात माथाडी. आमच्या सात पिढ्यांत कोणी काळा कोट घातला नव्हता. दुसऱ्या सीनियरांकडे गेले असते तर "शिकायला मिळतंय ना?" या एका वाक्यावर वर्षानुवर्षं फायली वाहिल्या असत्या. नाखवाबाई ज्युनियरला पगार द्यायच्या. ही गोष्ट मुद्दाम लिहावी लागते, यावरून आमच्या धंद्याचं काय चाललंय ते ओळखा.

बाई दिवाळे गावच्या कोळी. अंगाने काडी, पांढरी साडी, काळा कोट आणि पायात धावायचे बूट. लग्न केलं नाही. न्यायाधीशांपुढे भाषा अशी की शाळेच्या पुस्तकात छापावी. कोर्टाच्या पायऱ्या उतरल्या की दिवाळ्याची बोली सुरू. आणि आतबाहेर दोन्हीकडे एकच शब्द, हरकत. भाजीवाल्याने तराजूला बोट लावलं, हरकत. सोसायटीच्या वॉचमनने त्यांना सोडून गाडीवाल्याला आधी सलाम ठोकला, हरकत. रिक्षावाल्याने मीटर टाकण्याआधी सुस्कारा सोडला, त्यालाही हरकत.

बार रूममधल्या, म्हणजे कोर्टातल्या वकिलांच्या खोलीतल्या, बायकांच्या संडासाचा किस्सा तर आमच्याकडे नवीन येणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगितला जातो. त्या दाराला कुलूप असायचं, कारण आत निवडणुकीचे फ्लेक्स आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या ठेवल्या होत्या. आम्ही बायका समोरच्या हॉटेलात जायचो. बाईंनी तीन अर्ज दिले, बारच्या, म्हणजे आमच्या वकील संघटनेच्या, समितीने तिन्हींवर "विचाराधीन" लिहिलं. मग एके सकाळी त्या पुरुषांच्या संडासाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि आत आवाज दिला, "आत कोन हाय ते बाहेर या. वकील मॅडम येतायत." आतून दोन माजी अध्यक्ष आणि एक विद्यमान सचिव घाईघाईने बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवडा सरायच्या आत फ्लेक्स बाहेर आले आणि कुलूप निघालं.

एकदा एका तरुण वकिलाने संगणकाकडून लिहून घेतलेला युक्तिवाद जसाच्या तसा दाखल केला. त्यात कुठल्याशा हायकोर्टाच्या निकालाचा दाखला होता. बाई समोरच्या पक्षात होत्या. त्यांनी रात्र घालवून शोधलं, तो निकाल जगात कुठेच नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या मुलाला बाहेर गाठलं आणि विचारलं, "बाला, ह्यो निकाल कनच्या गावच्या कोर्टाचा? मी जाऊन येते." तो कावराबावरा झाला, म्हणाला, "मॅडम, मशीन बोललं." बाई म्हणाल्या, "मंग सही पन मशीनची घे." कोर्टात मात्र त्यांनी त्याचं नाव काढलं नाही. तो युक्तिवाद मागे घेऊन नवा लिहायला लावला, तोही स्वतःच्या टेबलावर बसवून.

त्यांचं सगळ्यात जास्त भांडण कोणाशी असेल तर शेडगेसाहेबांशी. ॲडव्होकेट दिनकर शेडगे, आमच्याच साताऱ्याकडचे, दिवाणी वकील, कोपरखैरण्याला एकटे राहायचे. बायको वारलेली, मुलगा कॅनडात. बाई आणि ते एकाच वर्षी सनद घेतलेले. वाटणीच्या दाव्यांत कायम समोरासमोर. बारच्या सभेत शेडगे 'हो' म्हणाले की बाई 'नाही' म्हणणार, हे ठरलेलं. लोक चहा घेऊन ऐकायला बसायचे.

तर या शेडगेसाहेबांना कोर्टाच्या पॅसेजमध्ये एका माणसाने हेल्मेटने मारलं. उलव्याचा माणूस. सरकारने जमीन घेतली, बदल्यात प्लॉट मिळाला, त्यावरून भावाभावांत दावा. शेडगे थोरल्या भावाचे वकील. धाकटा सुनावणी संपवून बाहेर आला आणि त्याने सगळा राग वकिलावर काढला. साहेब जिन्यावरून गडगडत खाली गेले. डोक्याला टाके पडले, मांडीचं हाड मोडलं.

राग मलाही आला. आमच्यावर हात टाकणं आता इतकं सोपं झालंय की माणसं निकालाची वाटही बघत नाहीत. पण पुढे जे झालं त्याने माझा राग दुसरीकडेच वळला.

संध्याकाळी बारची तातडीची सभा भरली. बारची निवडणूक तोंडावर आली होती. अध्यक्षांनी दोन ठराव मांडले. एक, आठवडाभर कामबंद. दोन, या आरोपीचं वकीलपत्र आपल्यापैकी कोणीही घ्यायचं नाही. टाळ्या पडल्या. बाई उभ्या राहिल्या.

"पहिल्याला हरकत हाय. दुसऱ्याला तर डबल हरकत हाय."

अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, आज तरी नको. आपल्या माणसाचं रक्त सांडलंय."

"ते मना ठाव हाय. त्यानं मारलं, त्याला शिक्षा व्हायला पायजे. पन शिक्षा कोर्ट देईल, बार रूम नाय. आनि कामबंदचं काय? तुरुंगात बसलेल्या मानसाची तारीख बुडली तर त्याचे दिवस तुम्ही भरून देनार?"

मी पण उभी राहिले, म्हटलं, माझीही हरकत आहे. अध्यक्ष हसले आणि म्हणाले, "तुम्ही त्यांच्या तालमीतल्या, तुमची वेगळी नोंदवायला नको." मतदान झालंच नाही. दुसऱ्या दिवशी बारच्या ग्रुपवर आलं, दोन्ही ठराव सर्वानुमते मंजूर.

मग गेटवर फ्लेक्स लागला. 'भ्याड हल्ल्याचा जाहीर निषेध.' मध्यभागी अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो, भोवती अख्खं पॅनेल, आणि खाली कोपऱ्यात, पासपोर्टला लावतात तेवढे, शेडगेसाहेब. फोटोसुद्धा त्यांच्या काळ्या केसांच्या काळातला. माझी एक अशील उरणहून दोन रिक्षा आणि एक बस बदलून पोटगीच्या तारखेला आली होती. तिला मी त्या फ्लेक्सखाली उभं करून सांगितलं की आज काम नाही. तिने विचारलं, "यातला मार लागलेला माणूस कोणता?" मी बोट दाखवलं. तिला तो शोधायला वेळ लागला.

आरोपीची बायको त्या दिवसांत बार रूममध्ये आली होती. कडेवर लहान मूल. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली. कोणी मोबाईल काढला, कोणी फाईल उघडली, एकाने तर तिला गेटवरचा फ्लेक्स वाचून यायला सांगितलं. शेवटचं टेबल बाईंचं होतं. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि वकीलपत्रावर सही केली.

पोलिसांनी आरोपीला कोठडीनंतर पुन्हा हजर केलं तेव्हा कोर्ट वकिलांनी भरलं होतं. काम करायला नव्हे, बघायला. न्यायाधीशांनी विचारलं, "आरोपीतर्फे कोण?" बाई उठल्या. मागून कोणीतरी शिवी दिली. जी दिली ती मी लिहिणार नाही, पण तिच्यात बाईंची जात होती आणि मासळी होती, आणि ती देणारा संविधानाची शपथ घेतलेला माणूस होता. बाईंनी मान वळवली नाही. त्यांनी आरोपीला शर्ट वर करायला सांगितलं. पाठ काळीनिळी होती. "याने गुन्हा केला असेल तर त्याचा हिशेब इथे व्हावा, कोठडीत नव्हे. वैद्यकीय तपासणीचा आदेश व्हावा." आदेश झाला. जामीन त्यांनी मागितला नाही.

त्यानंतर बारने जे केलं ते लिहिताना आजही माझे कान तापतात. बाईंचं सदस्यत्व निलंबित केलं. ग्रुपमधून काढलं. टेबल उचलून झेरॉक्सच्या मशीनशेजारी, जिन्याखाली नेऊन टाकलं. ज्यांना त्यांनी अर्ज लिहायला शिकवलं ते जिना बदलून जाऊ लागले. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यांच्याशी कोणी भांडेना. त्या म्हणायच्या, "हरकत हाय," आणि समोरचा मोबाईलमध्ये बघत निघून जायचा. मी जेवायला त्यांच्याकडे जिन्याखाली बसायचे, पण मला त्यांच्याशी भांडता येत नाही. सवयच नाही.

महिनाभरात एक बातमी आली. बाईंनी ते वकीलपत्र सोडलं, पनवेलच्या एका वकिलाकडे दिलं. अध्यक्षांनी पेढे वाटले. "शेवटी वाकल्या." मी तणतणत जिन्याखाली गेले.

"ताई, खरंच सोडलंत?"

"सोडलं. चांगला वकील शोधून दिलाय त्याला."

"ते लोक म्हणतायत, तुम्ही वाकलात."

"म्हनू दे."

"तुम्ही हरकत पण घेणार नाही?"

बाई फाईलची दोरी बांधत होत्या. म्हणाल्या, "नाय."

मला त्यांचा इतका राग आला की डबा न खाताच मी उठले.

त्या रविवारी मी शेडगेसाहेबांना बघायला नेरूळच्या हॉस्पिटलात गेले. आधी गेले होते तेव्हा ते अतिदक्षता विभागात होते, काचेतूनच बघून परत आले होते. नंतर ते पुण्याला बहिणीकडे जाणार असं ऐकलं होतं, पण पायाच्या जखमेत पू झाला म्हणून त्यांना परत दाखल केलं होतं. मला वाटलं, वकिलांची गर्दी असेल. काऊंटरवरच्या सिस्टरला खोली विचारली तर ती म्हणाली, "बरं झालं आलात. त्या रोजच्या मावशींना जरा सांगा, हळू भांडायला. शेजारचा पेशंट झोपत नाही."

दाराबाहेरूनच आवाज ओळखला.

"ती विहीर सामाईक होती, शेडग्या. तू नकाशा उलटा धरून युक्तिवाद केलास."

"उलटा धरून जिंकलो ना? मग सुलटा धरणाऱ्याचं काय ते बघा नाखवाबाई."

बाई पलंगाच्या कडेला बसून त्यांच्या पायाच्या पट्टीखाली उशी सरकवत होत्या. मला बघून एकदम उठल्या, चोरी पकडल्यासारख्या. म्हणाल्या, "पानी भरून आनते," आणि बाटली घेऊन बाहेर गेल्या. बाटली भरलेलीच होती.

मी साहेबांना विचारलं, "बाई कधीपासून येतात?"

"वकीलपत्र सोडलं त्या दिवसापासून. पहिल्यांदा आल्या तर दारातच उभ्या. म्हणाल्या, 'मारणाऱ्याची वकील असताना मार खाल्लेल्याला भेटता येत नाही, म्हणून उशीर झाला. आता द्यायच्या त्या शिव्या द्या.' मी दिल्या. पोटभर दिल्या. मग त्यांनी मला चहा पाजला." त्यांनी दाराकडे नजर टाकली. "वकीलपत्र त्यांनी घेतलं ते बरोबरच होतं. पण तसं मी त्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर भांडण संपेल."

"बारमधून कोण कोण येऊन गेलं?"

"अध्यक्ष आले होते. फोटो काढून गेले." मग त्यांनी आवाज उतरवला. "तिकडे आता त्यांच्याशी कोणी बोलतं का हो?"

"नाही."

"मला वाटलंच. त्यांचे भाऊ-भावजय उलव्याला फ्लॅटमध्ये गेले, दिवाळ्याच्या घरात एकट्याच आहेत. इथे येतात, तासन्‌तास भांडतात. एवढं साठलेलं असतं माणसाकडे."

बाई परत आल्या तेव्हा मागोमाग डॉक्टर आले. तरुण, हसतमुख. त्यांनी पट्टी सोडून पाय तपासला, कागद बघितला आणि म्हणाले, "मस्त. आजोबा, रोज विचारत होता ना घरी कधी सोडणार? उद्या सोडतो."

बाई खिडकीकडे वळल्या आणि नीटच असलेला पडदा नीट करू लागल्या. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "इतक्यात? नीट तपासलं का? वयस्कर मानूस हाय, घाई करू नका."

डॉक्टर म्हणाले, "काकू, जखम भरलीय. काही त्रास नाही आता."

शेडगेसाहेबांनी एकदा बाईंच्या पाठीकडे पाहिलं. मग पाय हळूच आखडून घेतला आणि कण्हत म्हणाले, "तसं नाही डॉक्टर. इथे, या बाजूला, अजून दुखतंय."