इंदूमावशीचं स्वतःचं घर

इंदूमावशी आम्हाला आमचंच घर दाखवायची. म्हणजे घर तिचं. पण गोडादऱ्यातल्या आमच्या सोसायटीत सगळी घरं एकाच साच्यातली. पुढे ओटा, मग खोली, मग स्वयंपाकघर, मागे मोरी. तरी कुणी वाटीभर साखर मागायला आली, की मावशी तिला हाताला धरून आत न्यायची. "हा बघ नळ. घरातच! आणि ही कडी. लावून तर बघ." ती बिचारी लावून बघायची. तिच्याकडेही तश्शीच कडी होती.

"सोतानं घर शे, माय!" हे मावशीचं पालुपद. ती शिरपूरकडची, काका उधन्याला कापडाच्या लूमवर कामाला. दुधवाल्या भाईला ती तेच त्याच्या गुजरातीत ऐकवायची, "पोतानुं घर छे!" आम्ही पोरं तिच्याआधीच ते ओरडायचो. ती रागवायची नाही; पोरांना पाठ झालं म्हणून खूश व्हायची.

एका उन्हाळ्यात मागच्या गल्लीतल्या रेखाचे दिवस भरत आले. नांदेडकडची पोरगी, भाड्याच्या खोलीत राहायची. बाळंतपण माझ्या खोलीत नको, म्हणून घरमालकानं नवरा-बायकोला सामानासकट बाहेर काढलं. मावशी रेखाला घेऊन आली आणि सवयीप्रमाणे ओटा, खोली, नळ, सगळं दाखवू लागली. आम्ही दारात हसू दाबून उभे. शेवटी ती कडीपाशी थांबली.

"ही आतून लाव. इथून तुला कुणी उठवणार नाही."

आणि स्वतःची वळकटी तिनं ओट्यावर टाकली.

रेखाला मुलगी झाली. घराघरांतून डिंकाचे लाडू आले. "आमच्याकडे बाळंतीण आहे," असं अख्खी गल्ली ऐटीत सांगू लागली. मीसुद्धा शाळेत सांगितलं.

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या हवी. रेखाच्या सासरचं कुणीच आलं नव्हतं. मावशी पदर खोचून पुढे झाली.

कधी न बोलणारे काका माझ्या आईशेजारी उभे होते. हळूच म्हणाले, "आमनी बी एक पोर व्हती. लिंबायतमा, भाडानी खोलीमा. मालकनी बाहेर काढं, अन् पोर पाचवी पुजाना आतच गई. तिनं नाव ठेवानं राही गयं."

आईनं पाळण्याकडे पाहिलं. मावशी बाळावर वाकली होती. नाव कानात सांगायचं असतं. तिनं ते इतक्या मोठ्यानं सांगितलं, की चार घरं पलीकडे ऐकू गेलं.